उतार, माती आणि हवामान: जागा वाचून वाइनचा अंदाज कसा बांधावा

द्राक्षाची जात एक, खुंट (ज्याच्या मुळांवर त्या जातीचे कलम बांधतात तो भाग) एक, छाटणी एक आणि वाइन करणारा हातही एक असला, तरी टेकडीच्या माथ्याजवळची वाइन आणि पायथ्याची वाइन यांत स्पष्ट फरक आढळतो. या फरकाचे श्रेय पुष्कळदा मातीतल्या खनिजांना दिले जाते आणि ग्लासात पाटीच्या दगडाची किंवा चुनखडीची चव शोधली जाते. ती कल्पना आकर्षक असली तरी टिकणारी नाही. मुळे खडक शोषत नाहीत, तर पाण्यात विरघळलेली मूलद्रव्ये शोषतात. वाइनमधील त्यांचे प्रमाण सहसा जिभेला जाणवण्याइतके नसते आणि मुळात बहुतेक खडकांना स्वतःची चव किंवा वासही नसतो. जमीन वाइनवर परिणाम करते ती दुसऱ्याच मार्गाने: वेलीला उष्णता किती आणि कोणत्या काळात मिळते, पाणी किती आणि कोणत्या काळात मिळते, हे ती ठरवते. म्हणून नवी जागा निवडताना किंवा जुन्या बागेचे पट्टे पाडताना हे दोन हिशेब आधी मांडावेत आणि जात, खुंट, ओळींची दिशा हे निर्णय त्यांच्या मागून घ्यावेत. पुढे दिलेला क्रम त्याच तत्त्वावर आधारलेला आहे.

उष्णतेचा हिशेब

सरासरी तापमान साधारण १० अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर वेलीची वाढ सुरू होते. त्यामुळे प्रत्येक दिवसाचे कमाल आणि किमान तापमान मिळवून त्याची निमपट करावी, त्यातून १० वजा करावेत, उत्तर ऋण आल्यास शून्य धरावे आणि संपूर्ण हंगामाची बेरीज करावी. या बेरजेचे एकक म्हणजे अंशदिवस. उत्तर गोलार्धात हा हंगाम १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर असा धरतात, तर दक्षिण गोलार्धात ऑक्टोबर ते एप्रिल असा. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मेनार्ड अमेरीन आणि अल्बर्ट विंकलर यांनी १९४४ साली याच बेरजेवरून द्राक्षप्रदेशांच्या पाच श्रेणी पाडल्या. सेल्सिअसमध्ये सुमारे १,३९० अंशदिवसांपर्यंतचा प्रदेश पहिल्या श्रेणीत येतो, सुमारे २,२२० च्या वरचा पाचव्या श्रेणीत, आणि मधल्या प्रत्येक श्रेणीचा पट्टा साधारण २८० अंशदिवसांचा असतो. थंड टोकाला पिनो न्वार, शार्डोने आणि रिसलिंग, मधल्या श्रेणींत मर्लो आणि काबर्ने सोव्हिन्यों, तर उष्ण टोकाला ग्रनाश किंवा मूर्वेद्र यांसारख्या उशिरा पिकणाऱ्या जाती, अशी ढोबळ विभागणी या आकड्यावरून करता येते.

हवामान केंद्राचा आकडा मात्र केंद्राच्या जागेचा असतो, बागेचा नव्हे. उंची वाढत जाते तसे तापमान दर १०० मीटरला सुमारे ०.६ अंशाने उतरते. केंद्र बागेपेक्षा २०० मीटर खाली असेल, तर बाग सुमारे १.२ अंशाने थंड असते, आणि सात महिन्यांच्या २१४ दिवसांत ही तफावत जवळपास २५७ अंशदिवसांची होते. म्हणजे कागदावर तिसऱ्या श्रेणीत दिसणारी जागा प्रत्यक्षात दुसऱ्या श्रेणीत मोडू शकते. यासाठी माथा, मध्य आणि पायथा अशा तीन ठिकाणी, घड जेथे लागणार त्या उंचीवर, सावलीच्या पेटीत तापमान नोंदणारी छोटी यंत्रे किमान एक हंगाम ठेवावीत. केंद्राच्या त्याच हंगामातील नोंदींशी त्यांची तुलना केली, की केंद्राच्या जुन्या वर्षांच्या आकड्यांतही तेवढी दुरुस्ती करून घेता येते. लागवडीच्या एकूण खर्चापुढे या यंत्रांचा खर्च नगण्य असतो.

एकूण बेरजेइतकेच, किंबहुना काही बाबतींत अधिक, महत्त्व तिच्या वाटणीला आहे. मण्यात पाणी उतरल्यानंतर, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यावर, साखर चढू लागते आणि मॅलिक आम्ल श्वसनात खर्च होऊ लागते, आणि हवा जितकी उष्ण तितका हा खर्च जलद होतो. टार्टारिक आम्ल त्या मानाने स्थिर राहते. त्यामुळे उष्ण रात्रींच्या जागी गोडी भरपूर पण धार बोथट अशी वाइन मिळते, तर थंड रात्रींच्या जागी तेवढीच गोडी येऊनही आम्लता टिकते. आर्जेन्टिनातील मेंडोसा प्रांतातल्या युको खोऱ्यात सुमारे ९०० ते १,५०० मीटर उंचीवर बागा चढवण्यामागे हाच हिशेब आहे. तेथे ऊन तीव्र, पण रात्री गार असतात. तापमान ३५ अंशांच्या वर वारंवार गेल्यास लाल जातींचा रंग तयार होणे मंदावते आणि तयार झालेला रंगही विरतो. काबर्ने सोव्हिन्योंमधला हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास देणारी पायराझिन द्रव्ये उष्णतेने आणि घडावर पडणाऱ्या उजेडाने कमी होतात. याउलट सिरा जातीतला काळ्या मिरीचा वास थंड जागी अधिक उठतो. तो रोटंडोन या द्रव्यामुळे येतो, हे २००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले. खडकाच्या चवीपेक्षा अशी ओळखता येणारी द्रव्ये जागेविषयी कितीतरी अधिक सांगतात.

पाऊस, दहिवर आणि वारा

पावसाच्या बाबतीत वार्षिक आकड्यापेक्षा त्याचे महिने पाहावेत. हिवाळ्यातला पाऊस जमिनीत साठतो आणि उपयोगी पडतो. फुलोऱ्यातला पाऊस मणी धरू देत नाही. काढणीच्या तोंडावरचा पाऊस मणी तडकवतो आणि कूज आणतो. ज्या जागी काढणीच्या महिन्यात हमखास पाऊस पडतो, तेथे पातळ सालीची आणि गच्च घडाची जात लावू नये, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ नुकसान टळते.

वसंतातले दहिवर, म्हणजे गोठलेले दव, फुटलेले कोवळे डोळे जाळते, आणि त्यासाठी तापमान शून्याच्या एक-दोन अंश खाली जाणेही पुरेसे असते. निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, मग ती पाण्यासारखी उताराने खाली वाहते आणि खोलगट भागात साचते. म्हणून उताराचा मधला पट्टा तळापेक्षा उबदार राहतो. फ्रान्समधील शाब्ली येथे या संकटाशी सामना करण्यासाठी बागेत शेगड्या पेटवतात किंवा तुषार सिंचनाने डोळ्यांवर बर्फाचे आवरण चढवतात, कारण पाणी गोठताना सोडलेली उष्णता डोळ्याला शून्याच्या खाली फारसे जाऊ देत नाही. नवी जागा निवडताना मात्र शेगड्यांचा विचार करण्यापेक्षा थंड हवेची वाट मोकळी आहे का, हे तपासणे शहाणपणाचे. उताराच्या खालच्या अंगाला आडवा बांध, दाट कुंपण किंवा झाडांची रांग असेल, तर हवा तेथे अडते आणि वरच्या दोन-चार ओळीही सापडतात.

उतार: दिशा, तीव्रता आणि उतारावरचे स्थान

उताराविषयी बोलताना लोक बहुधा फक्त दिशा सांगतात. प्रत्यक्षात तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात.

दिशा होकायंत्राने नोंदावी. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या उताराला सर्वाधिक ऊन मिळते. पूर्वेकडच्या उतारावर सकाळचे ऊन लवकर येते, दव लवकर सुकते आणि त्यामुळे केवडा (एक बुरशीजन्य रोग) व कूज यांचा जोर कमी राहतो. पश्चिमेकडच्या उतारावर ऊन येते तेव्हा हवा आधीच तापलेली असते, त्यामुळे तेथे मणी भाजण्याचा धोका अधिक. थंड प्रदेशात हा पश्चिमेचा उतार वरदान ठरू शकतो, उष्ण प्रदेशात तो टाळावा. उष्ण प्रदेशात सूर्याकडे पाठ केलेला उतार निवडण्यातही काहीच गैर नाही. दक्षिणाभिमुख उतार सर्वोत्तम, हा समज थंड युरोपात तयार झाला आणि तेथून तो सरसकट सगळीकडे लागू केला गेला.

तीव्रता उतारमापकाने किंवा नकाशावरील समोच्च रेषांवरून काढावी. येथे टक्के आणि अंश यांची गल्लत होऊ देऊ नये: १०० टक्के उतार म्हणजे ४५ अंश, तर ३० टक्के म्हणजे सुमारे १७ अंश. तीव्रतेचा परिणाम समजण्यासाठी एक गणित करून पाहावे. जर्मनीतील मोझेल खोरे ५० अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. विषुवदिनी, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात, तेथे दुपारी सूर्य क्षितिजापासून ४० अंशांवर असतो. सपाट जमिनीच्या तुलनेत ३० अंशांच्या दक्षिण उतारावर, तेवढ्याच पृष्ठभागावर, त्या वेळी थेट उन्हाची सुमारे ४५ टक्के अधिक ऊर्जा पडते. हेच गणित २१ जूनला केले, तर सूर्य ६३ अंशांच्या वर असल्याने हा फायदा जेमतेम ११ टक्के उरतो. तात्पर्य असे, की तीव्र उतार भर उन्हाळ्यात फारसे काही देत नाही. त्याची खरी देणगी वसंतात डोळे फुटताना आणि शरदात घड पिकताना मिळते, म्हणजे थंड प्रदेशात उष्णतेची चणचण असते नेमक्या त्याच वेळी. मोझेलमध्ये रिसलिंग पूर्ण पिकते आणि तरीही तिची आम्लता धारदार राहते, यामागे हे गणित आहे. तेथील गडद पाटीचा दगड दिवसा तापून संध्याकाळी उष्णता परत देतो, तो त्याला हातभार लावतो. त्याच खोऱ्यातील ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा उतार काही ठिकाणी ६० अंशांहून अधिक तीव्र आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे उतारावरचे स्थान. पावसाने बारीक माती वरून खाली वाहते, त्यामुळे माथ्यावर माती उथळ आणि दगडाळ राहते, पायथ्याशी ती खोल, चिकण आणि ओलसर होते, आणि मध्यावर दोहोंचा मेळ जमतो. फ्रान्सच्या बरगंडी प्रदेशातील कोत दोर या चिंचोळ्या पट्ट्यात सर्वोच्च दर्जाच्या बहुतेक जागा पूर्व आणि आग्नेयेकडे तोंड असलेल्या उताराच्या मध्यभागी आहेत, हा योगायोग नव्हे. याला बोलका अपवाद क्लो द व्हूजो या बागेचा. सिस्टर्शियन मठवासीयांनी भिंत घालून एक केलेली सुमारे ५० हेक्टरची ही संपूर्ण बाग सर्वोच्च दर्जात मोडते. पण तिचा वरचा भाग उथळ, चुनखडीयुक्त आणि उत्तम निचऱ्याचा आहे, तर मुख्य रस्त्यालगतचा खालचा भाग जड चिकणमातीचा आणि पाणी धरून ठेवणारा आहे. भिंत एक, दर्जा एक, पण आतल्या जागा वेगळ्या. म्हणून बाटलीवर बागेचे नाव वाचताना मालकाचा पट्टा उतारावर कोठे आहे, हे जाणकार आवर्जून विचारतात.

उतार अनिवार्य आहे असेही नाही. फ्रान्समध्ये बोर्दोमधील मेदोक आणि ऑस्ट्रेलियातील कूनावारा हे दोन्ही प्रदेश जवळपास सपाट आहेत. तेथे निचऱ्याचे काम पहिल्या ठिकाणी गोट्यांचे खोल थर करतात आणि दुसऱ्या ठिकाणी लाल मातीखालची चुनखडी करते.

खड्डा खणून माती वाचणे

पृष्ठभागावरची ढेकळे पाहून मातीचा निर्णय घेऊ नये. प्रत्येक पट्ट्यात, म्हणजे माथा, मध्य, पायथा आणि जेथे तणांचा किंवा मातीचा रंग बदलतो तेथे, दीड मीटर खोल आणि माणसाला आत उभे राहता येईल एवढा रुंद खड्डा घ्यावा. बाजू आधार देऊन सुरक्षित केल्यावर आत उतरून सावलीतली भिंत चाकूने वरून खाली खरवडावी, म्हणजे फावड्याने लिंपली गेलेली माती निघून थर स्पष्ट होतात. आता मुळे पाहावीत. आधीची झाडे किंवा गवत असेल, तर त्यांची मुळे एका विशिष्ट खोलीवर आडवी वळलेली दिसतात का? दिसत असतील, तर तेथे घट्ट थर आहे, मग वरून माती कितीही भुसभुशीत असो. चाकूचे टोक त्या थरात सहज शिरते का, हे दाबून पाहावे. त्याखाली राखाडी मातीत गंजाच्या रंगाचे ठिपके दिसले, तर वर्षातला काही काळ तेथे पाणी साचते हे नक्की समजावे. उलट कातळाच्या भेगांतून बारीक मुळे खाली गेलेली दिसली, तर ती शुभ खूण आहे. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातील शिस्ट खडक उभ्या चिरांनी फुटलेला असतो, आणि त्या चिरांतून खोल गेलेल्या मुळांमुळेच तेथील वेली कडक कोरड्या उन्हाळ्यात तगतात.

त्यानंतर निचरा तपासावा. खड्ड्याच्या तळाशी एक लहान खळगा करून तो पाण्याने भरावा, पाणी मुरू द्यावे, पुन्हा भरावा आणि पातळी तासाला किती उतरते ते मोजावे. दुसऱ्या दिवशीही पाणी उभे असेल, तर भूमिगत निचरा व्यवस्था केल्याशिवाय तेथे लागवड करू नये. पोत पाहण्यासाठी काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश माती घेऊन वर पाणी भरावे आणि खूप हलवून ठेवावे. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा काही तासांत आणि चिकणमाती बसायला दिवस किंवा अधिक लागतो. थरांची जाडी मोजली की प्रमाण कळते. मातीवर सौम्य आम्लाचे थेंब टाकल्यावर फेस आला, तर चुना आहे. सामू (pH), सक्रिय चुना, पालाश (पोटॅशियम), मॅग्नेशियम आणि क्षार यांचे आकडे मात्र प्रयोगशाळेतूनच घ्यावेत, आणि वरच्या व खालच्या थरांचे नमुने वेगळे पाठवावेत. पालाशाचा आकडा दुर्लक्षिला जातो, पण वेलीने तो फार उचलला तर रसाचा सामू चढतो आणि वाइन मऊ, अस्थिर होते.

या सर्व तपासणीचा रोख एकाच प्रश्नावर असावा: ही जमीन पाणी कसे सोडते? बोर्दो येथील मृदाशास्त्रज्ञ जेरार सेगँ यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेदोकच्या उत्तम जागांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या मातीच्या रासायनिक घटकांत साम्य आढळले नाही. साम्य आढळले ते निचऱ्यात आणि वेलीला पाणी बेताने मिळण्यात. फ्रान्सच्या शँपेन प्रदेशातील जमिनीतला खडू पावसाळी काळात पाणी शोषून ठेवतो आणि कोरड्या दिवसांत हळूहळू सोडतो. मेदोकचे गोटे पाणी झटपट वाहू देतात आणि लवकर तापतात, म्हणून तेथे उशिरा पिकणारी काबर्ने सोव्हिन्यों पिकू शकते. बोर्दोमधल्याच पोमरोलची चिकणमाती गार आणि ओलसर राहते, म्हणून तेथे लवकर पिकणाऱ्या मर्लोने जम बसवला. जमिनी तीन, पण प्रत्येक ठिकाणी निवडीमागचे सूत्र एकच आहे.

खुंट आणि जात

उत्तर अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा या मुळांवरील किडीने १८६० च्या दशकापासून फ्रान्समधील बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून जगातील बहुतेक बागा अमेरिकी वंशाच्या खुंटांवर कलम केलेल्या असतात. ग्रीसच्या सँटोरिनी बेटासारख्या ज्वालामुखीय, वालुकामय ठिकाणी ही कीड टिकत नाही आणि तेथे वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, पण असे अपवाद थोडे. खुंट हा जमीन आणि जात यांमधला दुवा आहे. उथळ, कोरड्या माथ्यावर ११० रिश्टर किंवा १४० रुजेरी यांसारखे ताण सोसणारे खुंट घ्यावेत. चुना जास्त असेल तेथे ४१ बी किंवा फर्काल घ्यावा, अन्यथा लोह उचलले न जाऊन पाने पिवळी पडतात. खोल, सुपीक पायथ्याशी रिपारिया ग्लोआरसारखा वाढ आवरणारा खुंट बरा. संपूर्ण टेकडीवर एकच खुंट लावणे हे कामाला सोपे असते, पण त्यामुळे माथा अधिकच खुरटतो आणि पायथा अधिकच माजतो.

ओळी आणि ताली

साधारण १५ टक्क्यांपर्यंतच्या उतारावर ओळी वरून खाली किंवा आडव्या, दोन्ही प्रकारे लावता येतात. उभ्या ओळींत यंत्र सुरक्षित चालते आणि थंड हवाही वाहून जाते, मात्र ओळींमध्ये गवत राखले नाही तर माती वाहून जाते. उतार ३० टक्क्यांच्या पुढे गेला, की साधा ट्रॅक्टर आडवा चालवणे धोक्याचे होते आणि ताली, म्हणजे उतारावरच्या सपाट पायऱ्या, पाडण्याचा प्रश्न समोर येतो. दोरू खोऱ्यात याचे सर्व पर्याय एकाच टेकडीवर पाहायला मिळतात: दगडी भिंतींच्या जुन्या ताली, यंत्राने पाडलेल्या मातीच्या रुंद ताली आणि उभ्या ओळी. दगडी भिंत महाग असते, पण ती पाणी झिरपू देते आणि माती धरते. मातीच्या तालीत बांधाच्या उतारात बरीच जागा वाया जाते, त्यामुळे हेक्टरी वेली कमी बसतात. ताली पाडताना यंत्र वरची माती खाली आणि खालचा कच्चा मुरूम वर आणते, म्हणून वरचा थर आधी वेगळा काढून ठेवावा आणि शेवटी परत पसरावा. हे न केल्यास एकाच तालीवर आतल्या बाजूच्या वेली खुरट्या आणि बाहेरच्या बाजूच्या जोमदार अशी विषम वाढ होते, आणि तेथील घड एकाच दिवशी कधीच पिकत नाहीत.

हंगामात जागेचे बोलणे ऐकणे

लागवडीनंतर जमीन पाणी कसे सोडते, हे वेल स्वतः दाखवते. वेलीच्या बाळ्या, म्हणजे आधाराला विळखा घालणारे तंतू, शेंड्याच्या पुढे गेलेले असतील तर वाढ जोरात आहे. शेंडा पुढे आणि बाळ्या मागे राहिल्या, तर वाढ मंदावली आहे. शेंडा सुकून गळाला, तर वाढ थांबली आहे. मण्यात पाणी उतरण्याच्या सुमारास शेंड्यांची वाढ थांबणे ही लाल वाइनसाठी उत्तम स्थिती होय, कारण मणी लहान राहतात, रसाच्या मानाने साल अधिक मिळते आणि पुढची साखर फुटव्यांऐवजी घडांत जाते. वाढ थांबलीच नाही, तर घड सावलीत राहतात आणि हिरवट वास उरतो. ती फार आधी थांबली, तर खालची पाने पिवळी होऊन गळतात आणि मणी पिकण्याऐवजी आकसतात. ब्रिक्सचा, म्हणजे रसातल्या साखरेचा, आकडा अशा वेळी चढतो, पण बी हिरवी आणि साल तुरट असते. पांढऱ्या सुगंधी जातींना तीव्र ताण मुळीच मानवत नाही. प्रत्येक पट्ट्यातील ठरावीक वीस वेलींच्या शेंड्यांची दर आठवड्याला अशी नोंद ठेवावी.

काढणीही पट्ट्यानुसार करावी. प्रत्येक पट्ट्यातील उन्हाच्या आणि सावलीच्या अशा दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे, मधले आणि खालचे मणी मिळून शंभरेक मणी गोळा करावेत. रसाचे ब्रिक्स, सामू आणि आम्लता मोजावी, साल चावून पाहावी आणि बी तपकिरी होऊन कुरकुरीत झाली आहे का, हे दातांखाली तपासावे. ब्रिक्सला ०.५५ ते ०.६ ने गुणल्यास संभाव्य अल्कोहोलचा अंदाज मिळतो. म्हणजे २४ ब्रिक्सच्या रसातून १३ ते साडेचौदा टक्क्यांची वाइन होईल. मग प्रत्येक पट्ट्याचा रस वेगळ्या टाकीत, त्याच यीस्टने आणि त्याच तापमानाला आंबवावा. लाकडी पिंप या टप्प्यावर टाळावे, कारण त्याचा वास पट्ट्यांमधला फरक झाकून टाकतो. वसंतात या वाइन नावे झाकून चाखाव्यात आणि शेरे खड्ड्यांच्या व शेंड्यांच्या नोंदींशेजारी मांडावेत.

एका वर्षाच्या चाखणीवरून पट्ट्यांच्या सीमा बदलू नयेत, कारण ओल्या वर्षी माथा सरस ठरतो आणि कोरड्या वर्षी पायथा. दोन्ही प्रकारची वर्षे पाहून झाल्यावरही जे पट्टे वेगळे लागत नाहीत, ते पुढे एकत्र काढावेत. जो पट्टा दर वर्षी हिरवट लागतो, तेथे आधी पानांची विरळणी आणि ओळींमध्ये पाणी ओढणारे गवत हे उपाय करून पाहावेत. तरीही फरक पडला नाही, तर त्याच वेलींवर लवकर पिकणाऱ्या जातीचे कलम करावे.